बिघडवून पाहताना

आमच्याकडे संध्याकाळी ऑफिस रिकामं होत आलं की चाचणीच्या मशीनवर फाइल सिस्टीम बिघडवायचं काम सुरू होतं. आधी एक कोरी इमेज बनते. तिच्यात ठरवून नाना तऱ्हेच्या फाइली भरल्या जातात: अगदी इवल्या, खूप मोठ्या, मध्येच पोकळ जागा सोडलेल्या, तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या, शिवाय हजारो नावांनी फुगलेल्या डिरेक्टरी. मग एक स्क्रिप्ट इमेजच्या आतल्या नोंदींपैकी एकच नोंद उचलते आणि तिच्यातला आकडा बदलते. बदलायच्या रीती आठ आहेत. सगळे बिट शून्य करायचे, सगळे एक करायचे, पहिला बिट उलटवायचा, मधला उलटवायचा, शेवटचा उलटवायचा, आकड्यात थोडी भर घालायची, थोडी वजाबाकी करायची, किंवा कसलाही विचार न करता भलतंच काही लिहायचं. एवढं झालं की ती इमेज कर्नलच्या हवाली. माउंट कर, फाइली वाच, नवीन लिही, जुन्या पूस, अनमाउंट कर. मग दुरुस्तीचं साधन चालवायचं, आणि ते चालून झालं की पुन्हा तपासायचं. एका नोंदीचा फेरा संपला की पुढची नोंद.

ही पद्धत एक्सएफएस या फाइल सिस्टीमच्या मंडळींनी बसवलेली आहे. आठही रीती त्यांच्या एक्सएफएस-डीबी या साधनातच आहेत. लिनक्सवर फाइल सिस्टीमचं काम करणारे सगळे जो एफएसटेस्ट्स नावाचा चाचण्यांचा संच वापरतात, त्यात या गटाला 'डेंजरस फझर्स' असं नाव आहे. मशीन कोसळेल, अडकून बसेल, हे त्यात धरूनच चालायचं असतं. मी पुण्यात स्टोरेजच्या क्षेत्रात काम करते. या शहरात हे काम नव्वदच्या दशकापासून चालत आलंय. व्हेरिटासचं केंद्र इथे होतं, आणि फाइल सिस्टीम, बॅकअप, रेप्लिकेशन हे शब्द इथल्या इंजिनिअरांच्या बोलण्यात तेव्हापासून रुळलेत. माझ्या वाट्याला यातलं फझिंग, म्हणजे असं मुद्दाम बिघडवून पाहणं, आलं आणि ते मी आवडीनं धरून ठेवलं.

फाइल सिस्टीम ही गोष्ट बहुतेकांना दिसत नाही, म्हणून दोन शब्द. डिस्कला फाइल कळत नाही, तिला फक्त क्रमांक लावलेले ब्लॉक कळतात. 'लग्नाचे फोटो' या फोल्डरमधली अमुक फाइल कोणत्या ब्लॉकांत आहे, तिची लांबी किती, कुठले ब्लॉक अजून मोकळे आहेत, ही सगळी माहिती त्याच डिस्कवर वेगळी लिहून ठेवावी लागते. तिला आम्ही मेटाडेटा म्हणतो. वापरणाऱ्याच्या मजकुराच्या मानानं ती फारच थोडी असते, पण तिच्यातला एक आकडा चुकला तर शेकडो फाइली हाताबाहेर जाऊ शकतात. आणि आकडे चुकतात. डिस्क चुकीच्या जागी लिहितात, लिहिलं म्हणून सांगतात आणि लिहीत नाहीत, केबल आणि कंट्रोलर मध्येच काहीतरी करून ठेवतात. १५ लाख ३० हजार डिस्कवर ४१ महिने लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळत नसल्याच्या ४ लाखांहून जास्त घटना नोंदलेल्या होत्या. या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी तो निबंध आधी वाचायला देते, कारण 'डिस्क असं करत नाहीत हो' हे वाक्य मला वारंवार ऐकावं लागतं.

फझिंगचा जन्म मात्र डिस्कवर झालेला नाही. १९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातले बार्टन मिलर वादळी रात्री घरून टेलिफोनच्या लाइनवरून विद्यापीठाच्या मशीनवर काम करत होते. लाइनवरच्या खरखरीमुळे टाइप केलेल्या मजकुरात भलती अक्षरं घुसत होती. त्याचं त्यांना नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्या अक्षरांनी युनिक्सचे साधे, रोजच्या वापरातले प्रोग्रॅम कोसळत होते याचं. त्यांनी विद्यार्थ्यांना तोच प्रकल्प दिला: मुद्दाम कचरा पाठवा आणि काय टिकतं ते बघा. १९९०च्या त्यांच्या निबंधात तपासलेल्या प्रोग्रॅमपैकी एक चतुर्थांश ते एक तृतीयांश कोसळले किंवा अडकले असं नोंदलेलं आहे. पुढे २००५ मध्ये त्याच विद्यापीठातल्या रेम्झी आणि अँड्रिया अर्पाची-दुसो यांच्या गटानं डिस्क मुद्दाम चुकवून फाइल सिस्टीम कशा वागतात ते पाहिलं. निष्कर्ष वाईट होते. लिहिताना आलेली चूक कुणी पाहतच नव्हतं, कुणी एका ठिकाणी पाहत होतं आणि दुसऱ्या ठिकाणी सोडून देत होतं. नोव्हेंबर २००६ मध्ये 'मंथ ऑफ कर्नल बग्ज' या नावानं रोज एक बग जाहीर करण्याचा उपक्रम झाला. त्यातले बरेच बग खराब केलेली इमेज माउंट करूनच मिळाले होते.

आमच्या कामात पहिली अडचण येते ती अशी, की नुसता कचरा इथे चालत नाही. दहा जीबीच्या इमेजमध्ये कुठेतरी एक बिट उलटवला तर तो बहुधा कुणाच्या तरी फाइलच्या मजकुरात पडतो आणि फाइल सिस्टीमला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आधी मेटाडेटा कुठे आहे हे शोधून तेवढाच भाग फझरपुढे ठेवायचा. ओरॅकलच्या दोन इंजिनिअरांनी एएफएल हा फझर लिनक्सच्या फाइल सिस्टीमना लावला तेव्हा हेच केलं होतं. एएफएल पाठवलेल्या कचऱ्यानं कोडची कोणती वाट उघडली हे बघतो आणि नवी वाट उघडणारा कचरा जपून ठेवून त्यातूनच पुढचा तयार करतो. २०१६ साली त्यांनी मांडलेला तक्ता आमच्या भिंतीवर बरेच दिवस लावलेला होता: पहिला बग सापडायला बीटीआरएफएसमध्ये ५ सेकंद लागले, एक्सएफएसमध्ये पावणेदोन तास, ईएक्सटी४मध्ये २ तास. या आकड्यांवरून कोण चांगलं कोण वाईट हे ठरवू नये. नवी रचना, जास्त सोयी म्हणजे जास्त कोड, आणि जास्त कोड म्हणजे जास्त वाटा. पण ५ सेकंद या आकड्यानं अनेकांना खडबडून जागं केलं हे खरं.

दुसरी अडचण चेकसमची. ईएक्सटी४मध्ये मेटाडेटावर चेकसम २०१२ साली आला, एक्सएफएसमध्ये २०१३ साली. एक्सएफएसच्या मेटाडेटाच्या ब्लॉकवर आता तो ब्लॉक कुठल्या फाइल सिस्टीमचा आहे, डिस्कवर त्याचा स्वतःचा क्रमांक काय, तो कुणाच्या मालकीचा, हेही लिहिलेलं असतं. त्यामुळे भलत्या जागी पडलेला ब्लॉक वाचताक्षणी ओळखू येतो. फार मोलाची सुधारणा. मात्र फझरनं एक बिट उलटवला की चेकसम जुळत नाही, ब्लॉक दारातच नाकारला जातो आणि पुढचं सगळं कोड न तपासता राहतं. म्हणून आम्ही आकडा बिघडवतो आणि लगेच त्या ब्लॉकचा चेकसम नव्यानं काढून बसवतो. ब्लॉक वरून निर्दोष, आतून खोटा.

यावर दरवेळी एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खराब डिस्क बिट उलटवेल, पण सोबत चेकसम बरोबर करून ठेवणार नाही. तेवढं हेतुपुरस्सर फक्त माणूस करतो. मग तुम्ही हल्लेखोराची नक्कल करताय, झिजलेल्या डिस्कची नाही, असं आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं. माझं उत्तर असं की खोट्या आकड्यावर खरा चेकसम बसवणारा आणखी एकजण आहे, आणि तो फाइल सिस्टीमचं कोड स्वतःच आहे. मेमरीत आकडा बिघडला आणि नंतर चेकसम काढून लिहिला गेला, की डिस्कवर जातं ते खोटं आणि शिक्का मात्र अस्सल.

याचं एक उदाहरण मला फार शिकवून गेलं. एक्सएफएसमध्ये प्रत्येक विभागात काही मोकळ्या ब्लॉकांची एक छोटी, गोल फिरणारी यादी असते. तिच्या शीर्षभागाची व्याख्या कोडमध्ये ३६ बाइटची, पण ६४ बिटच्या मशीनवर कंपायलर सोयीसाठी शेवटी ४ बाइट जोडत होता. म्हणजे ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये एका मशीनच्या मते यादीत ११९ नोंदी मावत होत्या, दुसऱ्याच्या मते ११८. २०१६ मध्ये व्याख्या घट्ट करून हा फरक काढला, तेव्हा जुन्या कर्नलनं लिहिलेली यादी नवा कर्नल वेगळ्या मापानं वाचू लागला. यादी शेवटाला पोचून पुन्हा सुरुवातीला वळलेली असेल तर शेवटच्या घरात कधीच न लिहिलेला आकडा मोकळा ब्लॉक म्हणून उचलला जाण्याचा धोका होता. चेकसम दोघांच्याही दृष्टीनं बरोबर, कारण तो सगळ्या सेक्टरचा काढलेला. २०१८ मध्ये अशी विसंगती ओळखून यादी नव्यानं सुरू करणारा पॅच आला. इथे डिस्कचा दोष नव्हता, हल्लेखोर नव्हता. चेकसम सांगतो की लिहिलं तेच वाचलं. लिहिलं ते बरोबर होतं की नाही, हे तपासायला वेगळं कोड लागतं, आणि ते कोड खरंच आहे का हे पाहायला फझिंग.

फझिंगचे निकाल सकाळी बघायला बसले की तीन तऱ्हा दिसतात. पहिली, कर्नल पॅनिक: शून्यानं भागाकार, ॲरेच्या बाहेर वाचन, मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणं. एका गटात किती ब्लॉक हा आकडा शून्य केला आणि कुणी तो न तपासता त्यानं भागलं, की झालंच. या बगची मला फारशी भीती वाटत नाही. केसॅन हा मेमरीच्या चुका पकडणारा कर्नलमधला तपासनीस चालू असेल तर तो नेमकी ओळ दाखवतो, मशीन थांबलेलं असतं, आणि दुपारपर्यंत पॅच तयार होतो.

दुसरी तऱ्हा अडकण्याची. एक्सएफएसच्या बी-प्लस ट्रीमध्ये प्रत्येक ब्लॉकजवळ डाव्या आणि उजव्या शेजाऱ्याचा क्रमांक असतो. उजव्या शेजाऱ्याच्या जागी त्या ब्लॉकचा स्वतःचाच क्रमांक आला तर पुढे पुढे जाणारं कोड एकाच जागी फिरत राहतं. प्रोसेस मारता येत नाही, लॉक सुटत नाही, त्या लॉकसाठी थांबलेल्या बाकीच्या प्रोसेसही एकेक करून अडकतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला मशीन फक्त संथ झाल्यासारखं वाटतं. यावरची तपासणी एक्सएफएसमध्ये २०२२ साली आली. ब्लॉकला स्वतःचा क्रमांक ठाऊक असल्यानं 'मी माझाच शेजारी आहे का' हे तो ब्लॉक एकटा वाचूनही कळतं. दोन ब्लॉक एकमेकांना उजवे शेजारी म्हणू लागले तर मात्र एकेकटा ब्लॉक पाहून ते कळणार नाही. त्यासाठी आधी कुठून आलो हे लक्षात ठेवावं लागतं. ईएक्सटी४च्या डिरेक्टरीच्या झाडात असं फिरत राहणं टाळणारा पॅचही त्याच वर्षीचा, आणि तो वरून खाली उतरताना भेटलेले ब्लॉक ध्यानात ठेवतो. दोन्ही पॅच वाचायला सोपे आहेत. तपासणी कुठे ठेवायची हा प्रश्न सोपा नसतो. प्रत्येक वाचनाच्या वेळी सगळं तपासलं तर फाइल सिस्टीम इतकी मंदावेल की कुणी ती वापरणार नाही. जिथे एका नजरेत कळतं तिथे दारातच तपासावं, आणि जिथे चार ठिकाणं जुळवून पाहावी लागतात ते काम वेगळ्या तपासणी साधनाकडे द्यावं, असं माझं मत आता पक्कं झालंय.

तिसरी तऱ्हा सगळ्यात वाईट, आणि ती निकालाच्या यादीत 'पास' म्हणून दिसते. असाच एक प्रसंग माझ्या चांगला लक्षात आहे. फझरनं एका फाइलच्या एक्स्टेंटमधला सुरुवातीचा ब्लॉक बदलला होता. एक्स्टेंट म्हणजे 'या फाइलचा हा भाग अमुक ब्लॉकपासून सलग इतके ब्लॉक' अशी नोंद. बदललेला आकडा नेमका त्या जागी पडला जिथे कोणता ब्लॉक मोकळा आणि कोणता वापरात याचा नकाशा असतो. माउंट झालं. फाइल उघडली. तिच्यात लिहिलं गेलं. एकही चूक आली नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही, मशीन ठणठणीत. प्रत्यक्षात वापरणाऱ्याचा मजकूर त्या नकाशावर जाऊन बसला होता. पुढच्या तासाभरात फाइल सिस्टीमनं त्या नकाशावर विश्वास ठेवून वापरातले ब्लॉक मोकळे समजून वाटले असते, आणि एकाचं लिहिणं दुसऱ्यावर चढत गेलं असतं. शेवटच्या तपासणीत नकाशा आणि फाइली यांचा मेळ बसेना तेव्हा हे उघडकीला आलं. त्या दिवसापासून मी निकाल बघताना आधी लाल ओळींकडे जात नाही. ज्या इमेज बिघडवूनही कुणी तक्रार केली नाही, त्यांच्याकडे जाते.

या दोषावर ईएक्सटी४मध्ये २००९ पासून एक उपाय आहे: फाइल सिस्टीमच्या स्वतःच्या जागांची एक यादी मेमरीत ठेवायची, आणि कुठल्याही फाइलची नोंद त्या जागांवर बोट ठेवत असेल तर ती नाकारायची. सरळ आणि स्वस्त. पण दोन फाइलींनी एकाच ब्लॉकवर हक्क सांगितला तर ही यादी काही करू शकत नाही, कारण तो ब्लॉक सिस्टीमचा नाहीच. त्यासाठी उलट दिशेची नोंद लागते. सातबारा आणि आठ-अ ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लगेच समजेल. आठ-अ खातेदारावरून त्याची जमीन सांगतो, सातबारा जमिनीच्या तुकड्यावरून तिचा खातेदार. एकाच उताऱ्यात खाडाखोड झाली तर दुसऱ्याशी ताडून ती पकडता येते. एक्सएफएसमध्ये २०१६ साली आलेला उलट नोंदींचा ट्री हेच करतो: प्रत्येक ब्लॉकचा मालक कोण, हे फाइलीच्या नोंदीपासून स्वतंत्र लिहून ठेवतो. त्याला लिहिण्याचा खर्च आहे, जागाही लागते. आमच्या उत्पादनात तो चालू करावा की नाही यावर बरेच दिवस वाद झाला, आणि वेग थोडा कमी झाला तरी चालेल या बाजूनं मी शेवटपर्यंत बोलले. फाइल सिस्टीम चालू असतानाच हे दोन्ही बाजूंचे हिशेब ताडून पाहणारं 'स्क्रब' २०१८च्या सुरुवातीला कर्नलमध्ये आलं, आणि आमच्या फझिंगला खरा पंच मिळाला.

फझिंग करणाऱ्यांबद्दल मेन्टेनर मंडळींची, म्हणजे फाइल सिस्टीमचं कोड सांभाळणाऱ्यांची, एक जुनी तक्रार आहे, आणि मी तिच्या बऱ्याचशा बाजूनं आहे. जॉर्जिया टेकच्या गटानं २०१९ मध्ये जेनस नावाचा फझर मांडला. तो इमेज आणि तिच्यावर चालणारे सिस्टीम कॉल दोन्ही एकत्र बदलत नेतो, आणि प्रत्येक फेऱ्याला ताजा कर्नल मिळावा म्हणून कर्नल लायब्ररीसारखा वापरतो. त्यात आठ फाइल सिस्टीममधून ९० बग निघाले. काम उत्तम आहे. पण त्या पाठोपाठ जो तो फझर चालवायला लागला, आणि रिपोर्टांचा पूर आला. कित्येक रिपोर्टांत एक भलीमोठी इमेज, हजार ओळींचा आपोआप तयार झालेला प्रोग्रॅम, आणि 'सुरक्षेचा गंभीर दोष' असा मथळा, एवढंच. त्यातून कुठला आकडा चुकलाय हे शोधायला मेन्टेनरचा अख्खा दिवस जातो, आणि तो अनेकदा हे काम आपल्या नोकरीच्या वेळेबाहेर करत असतो. बिघडवणं यंत्र करतं, त्याला काही लागत नाही. उलगडा माणसाला करावा लागतो. म्हणून आमच्या टीममध्ये आम्ही ठरवलं की इमेजमधला नेमका कोणता आकडा बदलला, तो कुठे वाचला जातो, दोष पुन्हा किती ओळींत घडवता येतो, हे सगळं सांगता येईपर्यंत रिपोर्ट पाठवायचा नाही. आणि शक्य तिथे पॅच आणि त्याची चाचणी सोबत द्यायची. संख्या कमी होते. बग मात्र बंद होतात.

काही मेन्टेनरांचं आणखी एक म्हणणं आहे: अनोळखी इमेज माउंट करूच नये, आधी दुरुस्तीचं साधन चालवावं. तत्त्वतः बरोबर. पण आज बहुतेक डेस्कटॉपना पेनड्राइव्ह लावला की तो आपोआप माउंट होतो, कुणी तपासत नाही, कुणाला विचारत नाही. लोक ज्या तऱ्हेनं मशीन वापरतात ती तऱ्हा डोळ्यांसमोर ठेवूनच कोड टिकाऊ करावं लागेल, असं मला वाटतं.

आणि मग दुरुस्तीचं साधन. ईएक्सटी४चं ई२एफएससीके पाच फेऱ्यांत काम करतं: आधी इनोड (एकेका फाइलची मेटाडेटातली नोंद) आणि ब्लॉक, मग डिरेक्टरींची रचना, मग त्या मुळाशी जोडलेल्या आहेत की नाही, मग दुव्यांची संख्या, शेवटी गटांचे हिशेब. अशा साधनांना फझ केलेली इमेज देताना पहिला नियम असा की दुरुस्तीनंतर तेच साधन पुन्हा चालवलं तर त्याला काहीही सापडता कामा नये. सापडलं तर पहिल्या वेळी दुरुस्ती झालीच नाही, किंवा तिनं नवी मोडतोड केली. या एका नियमानं कितीतरी बग मिळतात. पण तो पुरेसा नाही, हे मला एका ग्राहकाच्या डिस्कनं दाखवलं.

एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या छोट्या वृत्तपत्राचा जुन्या अंकांचा संग्रह होता. अनेक वर्षांची पानं स्कॅन करून ठेवलेली, तारखांच्या फोल्डरांत नीट लावलेली. कंट्रोलर बिघडला आणि काही डिरेक्टरींचे ब्लॉक गेले. दुरुस्ती चालवली, ती नियमाप्रमाणे झाली, दुसऱ्यांदा चालवल्यावर काहीही सापडलं नाही. फाइली शाबूत होत्या, पण सगळ्या लॉस्ट+फाउंड फोल्डरात, नावाच्या जागी नुसते इनोडचे क्रमांक. नाव डिरेक्टरीत असतं, फाइलच्या इनोडमध्ये नसतं. डिरेक्टरी गेली की नाव गेलं. तिथल्या संग्रहाचं काम पाहणाऱ्या काकांनी एकेक फाइल उघडून, पानावरची तारीख वाचून, पुन्हा नावं द्यायला सुरुवात केली होती. मी फोनवर त्यांच्याशी बोलले तेव्हा ते रागावलेले नव्हते. "ताई, पानं आहेत हो सगळी, पण कुठलं कुठे ते सांगायला कुणी नाही," एवढंच म्हणाले. आमच्या हिशेबी तो यशस्वी दुरुस्तीचा नमुना होता.

खरं पाहता सगळ्या फाइली पुसून टाकल्या तरी फाइल सिस्टीम सुसंगत होते. रिकाम्या फाइल सिस्टीममध्ये विसंगती नसतेच. सुसंगतपणा हाच एकमेव निकष ठेवला तर साधनाला पुसण्याची सवय लागते. त्या फोननंतर मी आमच्या चाचणीत एक वेगळं मोजमाप घातलं. बिघडवण्याआधी प्रत्येक फाइलचं नाव, वाट आणि मजकुराचा हॅश लिहून ठेवायचा, आणि दुरुस्तीनंतर किती फाइली आपल्या जागी, आपल्या नावानं, आपल्या मजकुरासह परत मिळाल्या ते पाहायचं. बदललेल्या एका आकड्याच्या मानानं किती गमावलं, हा आकडा त्यातून निघतो, आणि काही नोंदींच्या बाबतीत तो पाहून पोटात खड्डा पडतो.

नावांचा प्रश्न एक्सएफएसनं २०२४ साली मुळापासून हाताळला. आता प्रत्येक इनोडजवळ आपली आई-डिरेक्टरी कोणती आणि तिथे आपलं नाव काय हे लिहिता येतं. डिरेक्टरी गेली तरी तिच्यातल्या मुलांकडून ती पुन्हा उभी करता येते. मुलांकडच्या नोंदी गेल्या तर डिरेक्टरीवरून त्या भरता येतात. हे काम कर्नलमध्ये आल्याचं वाचलं तेव्हा मला त्या काकांची आठवण झाली, आणि त्यांच्याकडच्या स्टोरेजसाठी नव्या फॉरमॅटवर जाण्याची शिफारस मी त्याच आठवड्यात लिहून पाठवली.

अर्थात नवी नोंद आली की फझरला नवं काम आलं. डिरेक्टरी म्हणते फाइलचं नाव 'अंक-१२', फाइल म्हणते माझं नाव 'अंक-१३', दोन्ही ब्लॉकांचे चेकसम बरोबर, दोन्ही नावं वैध. कुणाचं खरं मानायचं? टीममध्ये यावर दोन पक्ष पडले. डिरेक्टरी हीच लोकांना दिसते, म्हणून तिचं खरं, असं एकाचं म्हणणं. ज्या ब्लॉकवर शेवटचा बदल नंतर झालाय त्याचं खरं, असं दुसऱ्याचं. दोन्ही बाजूंनी मी बिघडवलेल्या इमेज बनवून दाखवल्या, ज्यांत तो नियम चुकीचं नाव निवडतो. शेवटी आमच्या स्वतःच्या साधनापुरतं आम्ही असं ठरवलं की काहीही पुसायचं नाही: दोन्ही नावं एकाच फाइलला लावायची, अहवालात दोन्ही वाटा छापायच्या, आणि निवड ज्याच्या फाइली आहेत त्याच्यावर सोडायची. दोन नावं ठेवली की त्या फाइलच्या दुव्यांची संख्याही वाढवावी लागते, आणि मूळ संख्याच बिघडलेली असेल तर आधी ती नव्यानं मोजावी लागते. तो भाग अजून पूर्ण झालेला नाही. या आठवड्यात त्याच्यासाठीच्या इमेज तयार करते आहे.